टपावरचे सहा थर

शेड रिकामी करायची असं आम्ही दर मार्चमध्ये ठरवतो आणि ऑक्टोबर येईपर्यंत विसरतो. यंदा माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या, मानेनेच निर्णय घेतला. डॉक्टर म्हणाले, जड काही उचलू नका. त्यावर याचं म्हणणं, मग जे उचलून टाकायचं ते आताच टाकू, मान आणखी बिघडायच्या आत. असल्या डोक्यापुढे मी वाद घालत नाही. शनिवारी सकाळी त्याने व्हॅनचं मागचं दार उघडलं, कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोवर, न्यायचा ढीग अंगणात लावला आणि सगळ्यात शेवटी शेडच्या भिंतीला टेकवलेला एक पत्रा ओढून बाहेर काढला.

"हा पण जाणार," तो म्हणाला.

"हा नाही जाणार."

"काय करणार तू त्याचा?"

काय करणार ते मलाही ठाऊक नव्हतं. मी नुसती जाऊन त्या पत्र्यावर बसले. पत्र्यावर बसून अडवणूक करायचं माझं वय राहिलेलं नाही, पण उभं राहून भांडायचंही राहिलेलं नाही. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले, ते उडवताना कळ आली म्हणून तोंड वाकडं केलं, आणि बाकीचा ढीग घेऊन निघून गेला.

पत्रा म्हणजे मिलिंदच्या रेसच्या गाडीचा टप. गाड्या बदलल्या, इंजिनं बदलली, सांगाडे तर दर हिवाळ्यात कापून जोडले, पण टप तोच राहिला. एका गाडीवरून कापायचा, दुसरीवर जोडायचा. त्याच्या एका कोपऱ्याचा अंगठ्याच्या नखाएवढा टवका उडालाय. तिथे नीट पाहिलं तर कडेला रंगांचे थर दिसतात. वर पिवळा, खाली निळा, मग तांबडा, मग पुन्हा निळा, पुन्हा पिवळा आणि तळाला पांढरा. मिलिंदची सगळी कारकीर्द त्या टवक्यात मावते. सहाही हात माझे आहेत.

मी कऱ्हाडची. वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, निवडणुकीच्या. शाळेतून आले की मी त्यांच्या शेजारी डबे ढवळत बसायची. पहिला हात उभा, दुसरा आडवा, आणि पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हे मला पाढ्यांच्या आधी आलं. पाटी सुरू करण्याआधी ते पेन्सिलने मागच्या बाजूला बारीक "श्री" काढायचे. एवढ्या भांडवलावर मी लग्न करून लेस्टरला आले. स्थळ सांगून आलं तेव्हा मुलाची माहिती अशी होती: मूळचे साताऱ्याकडचे, पण मुलगा जन्मला इथेच, गाड्यांच्या वार्षिक एमओटी तपासणीचं गॅरेज आहे, निर्व्यसनी. फोनवर तो स्वतः म्हणाला होता, "मी संडेला थोडा रेसिंग करतो." मला वाटलं, करत असेल. माझा चुलतभाऊ नाही का रविवारी क्रिकेट खेळायचा.

आल्यावर पहिल्या आठवड्यात मी त्याला "अहो" म्हटलं तर तो मागे वळून बघायला लागला, कोणाला हाक मारतेय म्हणून. "अहो काय? मी तुझा बॉस आहे का?" त्याच्या आईसमोर मी "अहो" ठेवलं आणि बाकी सगळीकडे मिलिंद. त्याचं मराठी आईच्या स्वयंपाकघरातलं, तेवढंच. गाडी त्याला कधी "तो" असायची कधी "ती", आणि पोळ्या "मस्त झाला". मी सुधारत बसले नाही. माझं इंग्रजी तरी कुठे गावाला दाखवण्यासारखं होतं!

तो पहिला रविवार मला वासांनीच आठवतो. तासाभराचा रस्ता, दोन्हीकडे सपाट शेतं, आणि त्यांच्या मधोमध पत्र्याचं कुंपण घातलेलं एक लंबगोल मैदान. आत पाऊल टाकलं तो परतलेल्या कांद्याचा वास. बर्गरच्या व्हॅनमध्ये कांदे दिवसभर तव्यावर पडून असायचे. त्यामागून पेट्रोल, त्यामागून तापलेलं रबर, आणि सगळ्यांच्या खाली ओल्या मातीचा वास. मैदानात दगडाचा लाल बारीक चुरा पसरून त्यावर पाणी मारलेलं असायचं. कऱ्हाडला आमच्या गल्लीत तालीम होती. दारावरून जाताना आतल्या लाल मातीचा जो वास यायचा, अगदी तसाच. परक्या देशात, थंडीत, दुसऱ्याच्या कोटात उभी राहून मी तो वास घेतला आणि पहिल्यांदा मला रडू आलं. मिलिंदला वाटलं, धूर गेला डोळ्यांत.

मग गाड्या सुटल्या. पंचवीस-तीस गाड्या एवढ्याशा जागेत. आवाज कानाला नाही, दातांना लागला. आणि पाहते तर काय, ते एकमेकांना मुद्दाम धडका देत होते! पुढे-मागे लोखंडी रुळासारखे बंपर बसवलेले, आणि मागचा पुढच्याला ठोकून कुंपणात घालतोय. बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका लोकर विणता विणता मान वर करून "गुड हिट" म्हणत होत्या आणि पुन्हा टाके मोजत होत्या.

या खेळात टपाचा रंग म्हणजे माणसाची इयत्ता. नवख्याचा पांढरा, मग पिवळा, मग निळा, सगळ्यात वर तांबडा. गुण मोजून दर काही आठवड्यांनी यादी लागायची आणि ज्याचा रंग बदलला त्याने पुढच्या रविवारच्या आत टप रंगवून आणायचा. गंमत म्हणजे, जितका हुशार तितका मागे उभा. पांढरे पुढे सुटणार, तांबडे शेपटाला. तांबड्याने मागून यायचं आणि वाटेतल्या एकेकाला बंपरने बाजूला सारत पुढे जायचं. ठोकणं हा गुन्हा नव्हता, ठोकणं हाच खेळ होता. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर तर मागच्याने पुढच्याला ठोकायचंच. नाही जमलं तर गोष्ट वेगळी, पण प्रयत्न केलाच पाहिजे. सगळं मैदान त्याच वळणासाठी पायरीवरून उठून उभं राहायचं.

मिलिंदचा टप तेव्हा पांढरा होता, कसातरी ब्रश फिरवलेला, ओघळ आलेला. मी म्हटलं, हे काय? त्याच आठवड्यात खरवडून, घासून, मी तो नीट रंगवला. पहिला हात उभा, दुसरा आडवा. आतल्या बाजूला, त्याच्या डोक्यावर येईल तिथे, पेन्सिलने "श्री" काढला. दुसऱ्या रविवारी मैदानामागे गाड्या उभ्या करायच्या वाड्यात एक उंच, टकला, पन्नाशी-साठीतला माणूस चहाचा मग घेऊन टपाकडे बघत उभा राहिला. बोट फिरवून पाहिलं. "हे तू केलंस, मी डक?"

हे डेरेक. "मी डक" हे लेस्टरचं लाडकं संबोधन, बाईला, बाप्याला, पोस्टमनला, सगळ्यांना. डेरेक वेल्डर होते, पत्नी वारलेली, मूल नाही, एक जुनी कोच-बस मागून कापून तिच्यात गाडी चढवायचे आणि पुढच्या चार सीटवर संसार. टप तांबडा, गेली कित्येक वर्षं. मिलिंद पोरसवदा असताना त्यांनीच त्याला वेल्डिंग शिकवलं, वळण घ्यायला शिकवलं, पडायला शिकवलं. शिकवण्याची पद्धत एकच: ठोकायचं. माझ्या देखत, त्याच दुपारी, त्यांनी माझ्या ताज्या रंगवलेल्या टपासकट माझ्या नवऱ्याला कुंपणात घातला. मी किंचाळले. शर्यत संपली आणि दहा मिनिटांनी हा माणूस दोन मग घेऊन आमच्या व्हॅनशी हजर. ठोकणाऱ्याने चहा आणायचा, हा त्यांचा नियम. ज्याला ठोकलं त्याच्याकडे स्वतः जायचं, चहा द्यायचा, मग बोलायचं. तिथल्या पुस्तकात असा नियम नव्हता, डेरेकच्या हाताखालून गेलेल्यांमध्ये होता.

मी त्यांना काका म्हणायला लागले. अर्थ विचारला, सांगितला, तेव्हा त्यांनी तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हणून पाहिला.

त्यानंतरची वर्षं मला एकेकटी आठवत नाहीत, रंगांनी आठवतात. पिवळ्याचं वर्ष म्हणजे आमच्या व्हॅनचा हीटर बंद होता ते. येता-जाता मी मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायची. शनिवारी संध्याकाळी धपाट्यांचं पीठ मळायचं, सकाळी भाजून फडक्यात बांधायचे, शेंगदाण्याची चटणी, थर्मास. डेरेककाका धपाट्याला ब्राउन सॉस लावून खायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मान फिरवली होती. निळ्याचं वर्ष म्हणजे धुण्याचं यंत्र मोडलं ते. मिलिंदचे ओव्हरऑल धुऊन धुऊन यंत्राच्या ड्रममध्ये लाल चुरा साचला होता. दुरुस्तीवाल्याने मूठभर काढून ओट्यावर ठेवला आणि विचारलं, तुम्ही विटा धुता का? सोमवारी सकाळी मिलिंद पलंगावरून उठायचा तो आधी एका कुशीवर, मग कोपरावर, मग गुडघ्यावर. मी तेल लावून द्यायची आणि कामाला जायची. मंगळवारी कुठे मान वळायची. बुधवारी परत गाडीखाली.

कुठली करंडकांची रांग नव्हती आमच्याकडे. आसपासच्या चार-पाच मैदानांवर लोक नावाने ओळखत, एवढंच. ज्या रात्री यादीत त्याच्या नावापुढे तांबडा लागला, त्या रात्री इंटरनेटच्या कुरकुरणाऱ्या लाइनवर ते पान उघडायला पाच मिनिटं लागली. सकाळी उठून पाहते तर ओट्यावर तांबड्या रंगाचा डबा आणि नवा ब्रश. दुकान उघडायच्या आधी जाऊन दारात उभा राहिला होता म्हणे. तो हात मी आयुष्यात सर्वांत सावकाश दिला.

आता दसऱ्याचं सांगते, कारण खरं जे झालं ते तिथून झालं आणि ते मी केलं.

कऱ्हाडला दसऱ्याला गाडी धुऊन-पुसून चकाचक करतात, हार घालतात. इथे मोसम मार्चमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरअखेर संपायचा. म्हणजे दसरा येईपर्यंत आमच्या गाडीचं पार चिपाड झालेलं. बंपर एका बाजूला वाकलेला, दाराला दुसऱ्याच्या चाकाची काळी वर्तुळं. तशाच गाडीची मी पूजा करायची. बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या दुकानांतून झेंडूचा हार, पाने-हातोड्यांना हळद-कुंकू, बंपरवर नारळ. श्रीखंडाच्या चक्क्यासाठी दोन दिवस दही टांगलेलं. डेरेककाका इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, टकलावर कुंकू लावून घ्यायचे आणि या प्रकाराला "भंगाराचा वाढदिवस" म्हणायचे. आपटा मिळत नाही म्हणून मी गॅरेजमागच्या कुंपणाची पानं सोनं म्हणून वाटायची. काकांनी पहिल्या वर्षीचं पान हेल्मेटच्या अस्तरात खोचून ठेवलं होतं. पुढे ते भुगा झालं तरी अस्तर बदललं नाही.

तांबड्याच्या वर्षी पूजा झाली आणि काका सहज म्हणाले, पुढचा मोसम शेवटचा. पाठ ऐकत नाही. मला भरून आलं. मी मिलिंदला म्हटलं, "पाया पड त्यांच्या. तुझे वस्ताद आहेत ते."

"इथे? नाऊ?"

"इथेच. आत्ता."

तो आईवडिलांखेरीज कोणाच्या पाया पडलेला नव्हता. अवघडून वाकला. काकांना कळेना हे काय चाललंय, त्याची चावी पडली की काय. मी समजावून सांगितलं की आता तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, मनात असेल ते मागायचं त्याच्यासाठी. काकांनी तो तेलकट पंजा मिलिंदच्या केसांवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी कधीतरी तू माझ्या मागे असशील, लॅड. शेवटच्या वळणावर. अॅक्सिलरेटरवरून पाय काढू नकोस. प्रॉमिस मी."

आम्ही सगळे हसलो. आशीर्वाद काय, तर म्हणे मला ठोक! मिलिंद म्हणाला, "प्रॉमिस." मी श्रीखंड वाढायला घेतलं.

पुढच्या वर्षी पाठीने काकांना सोडलं नाही. गुण घसरले, टप तांबड्याचा निळा झाला. रंगवायला त्यांनी मलाच सांगितलं. माझा हात चालेना, तर म्हणाले, "रंगच आहे, मी डक." निळा म्हणजे आता ते मिलिंदच्या पुढून सुटणार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यांच्या शेवटच्या शर्यतीत, तेच झालं. पावसाने माती जड झालेली, गाड्यांचे रंग ओळखू येत नव्हते. अर्ध्या शर्यतीत काका सगळ्यांत पुढे. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. आणि मागून, एकेकाला सारत, मिलिंद. दोन फेऱ्या उरल्या तेव्हा तो त्यांच्या बंपरला लागला. लोक उठले. विणणाऱ्या बायकांनी सुया खाली ठेवल्या.

शेवटचं वळण. काकांनी आतली बाजू धरली, जशी धरायची तशी. मिलिंदच्या आणि त्यांच्या मध्ये हातभर जागा होती. मी कठड्याला ओणवून उभी होते आणि मला ते कानांनी कळलं. मिलिंदच्या इंजिनाचा आवाज मला आमच्या कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा. तो आवाज वळणाच्या तोंडाशी पडला. त्याने पाय काढला.

विजयाचा चौकटीचा झेंडा काकांना पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कशा, हे ज्याने ऐकल्या त्यालाच कळेल. सभ्य टाळ्या. हौसेने नाही, समजुतीने वाजवलेल्या. माझ्या शेजारची बाई विणकाम पिशवीत भरून निघून गेली.

मी वाड्यात पोचले तेव्हा काका आमच्या व्हॅनसमोर उभे होते. हेल्मेट काढलेलं, तोंडावर लाल चिखल. हातात मग नव्हता. मिलिंद गाडीतून उतरत होता. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. "चाळीस वर्षांत मला कोणी शर्यत भिकेत दिली नव्हती. तू दिलीस." मिलिंद म्हणाला, "डेरेक, मी..." ते थांबले नाहीत. शर्यतीचा करंडक त्यांनी आमच्या व्हॅनच्या पायरीवर ठेवला आणि बसकडे चालायला लागले. पाठ धरून, एक पाय ओढत.

परतीच्या रस्त्यात वायपर करकरत होते. घर दहा मिनिटांवर राहिलं तेव्हा मिलिंद म्हणाला, "तू सांगितला पाया पडायचा. मी पडला. ज्याच्या पाया पडला त्याला कसा मारणार? यू टेल मी."

माझ्या डोक्यात तालीम होती, वस्ताद होते, मोठ्या माणसाचा मान होता. तेच मी या लेस्टरच्या पोराच्या डोक्यात भरलं, एरवी त्याने विचारही न करता काकांना कुंपणात घातलं असतं आणि चहा नेला असता. म्हाताऱ्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, मला शेवटपर्यंत बरोबरीचा समज. आम्ही पाया पडलो, पण आशीर्वाद ऐकला नाही. माझी चूक, मी ती तेव्हाच ओळखली, पण ओळखून काय?

पुढच्या दसऱ्याला श्रीखंड उरलं. मी काकांना पाकिटात कुंपणाचं एक पान घालून पाठवलं, सोबत "सॉरी, काका" एवढंच. उत्तर आलं नाही. बस त्यांनी विकल्याचं कोणीतरी सांगितलं. मिलिंद आणखी दोन मोसम खेळला, पण आता तो ठोकायच्या आधी विचार करायचा, आणि या खेळात विचार करणाऱ्याचं काय होतं ते टपावर दिसतं. तांबड्यावर निळा, निळ्यावर पिवळा. ते दोन हात मी कसे दिले ते मला आठवत नाही. उभा-आडवा तरी केला होता की नाही, कोण जाणे. पिवळा अजून वाळत होता तेव्हा मिलिंद गॅरेजच्या दारात येऊन म्हणाला, "पुरे झाला आता." मलाही पुरे झालं होतं. पुढे ते मैदानही विकलं गेलं. मध्यंतरी तिकडून गेलो तर विटांची नवी घरं, प्रत्येकापुढे हिरवळीचा रुमाल, आणि एका बाईने झाडाच्या आळ्यात लाल चुरा पसरलेला. तो विकतचा होता की जमिनीतूनच निघालेला, हे विचारायला मी गाडी थांबवणार होते. पण मिलिंदची मान दुखत होती, म्हणून नाही थांबलो.

आता दुपार झाली. मी अजून पत्र्यावरच बसलेय. खालून गार लागतंय आणि "श्री" माझ्याखाली कुठेतरी आहे. काका जाऊन बरीच वर्षं झाली. पण ते आठवले की मला मैदान आठवत नाही, एक सुपरमार्केटचा कारपार्क आठवतो.

मिलिंदने रेसिंग सोडलं त्याच वर्षीची गोष्ट. दसरा दोन दिवसांवर होता, सवयीने मी दही घ्यायला गेले होते आणि ट्रॉली ढकलायला मिलिंद. पावांच्या रांगेत समोर काका. दोन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. आम्हाला पाहिलं, ओळखलं आणि ट्रॉली फिरवून दुसऱ्या रांगेत गेले. मिलिंद तिथेच उभा राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना.

पैसे देऊन बाहेर आलो तर कारपार्कच्या उतारावर काका आमच्या पुढे. ट्रॉलीवर रेलून, पाय ओढत, अगदी हळू. आम्हाला बाजूने जायला जागा होती. मिलिंद ट्रॉली वळवायला लागला. तेवढ्यात काकांनी एकदाच मान किंचित फिरवून खांद्यावरून मागे पाहिलं. आणि मग ते सरकले. बाजूला नाही, आत. उतार जिथे डावीकडे वळतो तिथे त्यांनी आतली बाजू धरली. जशी धरायची तशी.

मी मिलिंदकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं होतं. त्याची बोटं ट्रॉलीच्या दांड्यावर पांढरी पडली होती. पण पाय उचलत नव्हता. पुढे सत्तरीचा, मोडक्या पाठीचा माणूस होता आणि मागे मी त्याच्या डोक्यात भरलेलं सगळं.

मी म्हटलं, "मार."

"काय?"

"मार त्यांना, मिलिंद. पाय काढू नको."

त्याने मारलं. दोन पावलं धावून, पूर्ण वजनाने, ट्रॉलीवर ट्रॉली. काय आवाज झाला! काकांची ट्रॉली फिरली आणि कडेच्या लोखंडी रेलिंगवर जाऊन आदळली. पिशवी फाटली, अंडी फुटली, मटारचा डबा गडगडत उताराला लागला. कोणीतरी बाई ओरडली. काका रेलिंगला धरून वाकून उभे होते आणि हलत नव्हते.

मग त्यांनी सावकाश पाय पुढे केला आणि डबा अडवला. कंबर सरळ केली, जमेल तेवढी. आमच्याकडे वळले. डोळे भरलेले होते, तोंड मात्र तसंच, खडूस.

"वेल?" ते म्हणाले. "चहा कुठाय माझा?"